पुलानंतरचा विषय

डेलविन कोब्ली माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकलं की तुम्हालाही त्याचा राग येईल. कॉर्बिन गावात सगळ्यांनाच आला होता, आणि सगळ्यांत जास्त आला तो त्याचा त्यालाच.

गावात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. लाकडं कापायच्या यांत्रिक करवती, गवत कापायची यंत्रं, हिवाळ्यात बर्फ उडवायची यंत्रं. यंत्र घेऊन गेलात की तो आधी यंत्राला शिव्या घालतो, मग ज्यानं ते वापरलं त्याला, आणि मग गुपचूप दुरुस्त करून देतो. तोंडाचा फटकळ, पण हात चांगला. बाकी वर्षभर हा असा असतो. मार्चच्या पहिल्या मंगळवारी मात्र तो इस्त्रीचा शर्ट घालतो, लग्नातला टाय बांधतो आणि शाळेच्या हॉलमध्ये गावसभेचा अध्यक्ष म्हणून उभा राहतो.

गावसभा म्हणजे आमचं सरकारच. रस्त्यावर खडी किती टाकायची, बर्फ ढकलायचा ट्रक नवा घ्यायचा की जुनाच रेटायचा, सगळं तिथे ठरतं. तिघांचं पंचमंडळ आहे, पण त्यांनी कारभार बघायचा; पैसा द्यायचा की नाही ते सभेनं सांगायचं. आणि अध्यक्षानं काय करायचं? काही नाही. त्यानं मत सांगायचं नाही, ठराव मांडायचा नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. कोण आधी बोलणार ते सांगायचं, आवाज चढले की लाकडी हातोडा आपटायचा आणि हात मोजायचे. ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आहे, अशा माणसाला वर्षातून एकदा गप्प उभं करायचं, यात गावालाही मजा येत असणार. त्याची बायको आर्लिस म्हणते, "मंगळवारी सगळा राग तिकडे गिळतो आणि बुधवारी मला ऐकवतो."

हा हातोडा त्यानं हातात का घेतला, त्यामागे गोष्ट आहे. कोब्ली मंडळी मूळची टेबर टेकडीवरची. डेलविन लहान असताना टेकडीवर एका खोलीची शाळा होती. एका वर्षी ती बंद करायचा विषय सभेत आला. टेकडीवरची माणसं झाडून खाली उतरली, मतं दिली, शाळा वाचली. मग सगळी गेली धारा काढायला. गाईंना सभा कळत नाही. इकडे जेवणं झाली, खालच्या गावातले लोक सुस्तावून बसले होते, आणि कुणीतरी उठून म्हणालं की सकाळचा तो विषय परत घेऊ या. घेतला. शाळा बंद. डेलविनचे वडील, हॉलिस, यांना ते दुसऱ्या दिवशी दुधाच्या ट्रकवाल्याकडून कळलं.

पुढचा विषय सुरू झाला की त्या सभेत मागच्याला हात लावायचा नाही, असा राज्याचा कायदाच आहे. त्या दुपारी तो कुणाला आठवला नाही, किंवा आठवूनही लोक गप्प बसले. हॉलिसनी मात्र तो असा पकडला की मरेपर्यंत सोडला नाही. बटाटे वाढता वाढता, पाय पुसता पुसता, चर्चमधून येता येता, तेच. "मत दिलं, माणूस घरी गेला. आता ते मत त्याच्यामागे कुणी उकरायचं नाही." डेलविन आणि त्याची मोठी बहीण व्हर्ना दोघंही त्या टेबलावर हे ऐकत वाढली. डेलविन अध्यक्ष झाला त्या वर्षी वडील खाली येऊन पहिल्या रांगेत बसले होते आणि सभा संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.

व्हर्ना टेकडीवरच राहिली. नवरा गेला, मुली शहरात गेल्या, गायी राहिल्या. टेकडीवर आता गायी असलेली ती एकटीच. गेल्या उन्हाळ्यात पूर आला आणि टेकडीखालच्या ओढ्यावरचा पूल खिळखिळा झाला. राज्याचा इंजिनियर आला, वाकून खाली बघितलं, मान हलवली, आडवे खांब लावून पूल बंद केला आणि गेला. तेव्हापासून टेकडीवरून कॉर्बिनला यायचं तर शेजारच्या गावातून हा एवढा मोठा वळसा. दुधाचा टँकरही तोच वळसा घालून चढायचा. फेब्रुवारीत दूध घेणाऱ्या कंपनीनं व्हर्नाला सरळ सांगितलं: गावानं मार्चमध्ये पूल मंजूर केला तर तो होईपर्यंत आम्ही कळ काढू, नाही केला तर बर्फ वितळून चिखलाचे दिवस लागले की गाडी बंद. दूध न्यायला कुणी येणार नसेल तर गायी ठेवून करायचं काय?

सभेच्या आधीच्या रविवारी व्हर्ना डेलविनच्या दुकानात आली. बूट झटकले नाहीत, तशीच आत.

"पूल पाचवा विषय आहे," ती म्हणाली.

"छापलंय तसं. वाचता येतं मला."

"जेवणानंतर घे ना. सकाळच्या धारा, मग तो मेला वळसा. आम्हाला धड पोचता तर येईल."

"क्रम मी बदलू शकत नाही, व्हर्ना. सभेतल्या कुणीतरी उठून म्हणायचं आणि सभेनं हो म्हणायचं. मी म्हटलं तर लोक म्हणतील, बहिणीसाठी केलं."

"म्हणू देत की. बहीणच आहे मी."

"दहाला सुरू होणार. वेळेवर ये, म्हणजे कुणालाच काही म्हणावं लागणार नाही."

"मी कधी उशिरा आलेय रे? माझ्या लग्नाला उशिरा आलास तो तू."

त्यानं हातातली करवत सुरू केली. तिनं आवाज थांबेपर्यंत वाट बघितली नाही.

मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला. जमिनीला टेकताच गोठणारा, घाणेरडा पाऊस. खालच्या गावातले लोक काठीच्या आधारानं पाय टाकत हॉलपर्यंत आले. आर्लिस आणि बाकीच्या बायका स्वयंपाकघरात सभेच्या जेवणासाठी हॅम गरम करायला लागल्या. दहा वाजले आणि डेलविननं हातोडा आपटला. त्यानं आजवर कधी दहाचे सव्वादहा केले नाहीत, आणि ते त्याला मिरवायलाही आवडतं. खिडकीकडचे बाक, जिथे टेकडीवरची मंडळी बसतात, रिकामे होते.

पहिला विषय अध्यक्ष निवडायचा. दरवर्षीसारखं कुणीतरी "डेलविन" म्हणालं, दरवर्षीसारखं दुसरं नाव आलं नाही. मग अहवाल, मग पदाधिकारी, मग रस्त्यांचा खर्च. एरवी डेलविन लांबण लावणाऱ्याला मध्येच तोडतो. आज त्यानं वाचनालयाच्या बाईंना हवं तेवढं बोलू दिलं. कुत्र्यांच्या परवान्यांवर एक म्हातारा दोनदा तेच बोलला, तरी हा ऐकत राहिला. नजर सारखी दाराकडे.

पंचमंडळाचा मुख्य रॉइस स्टिम्सन, त्याच्या हे लक्षात आलंच. "अध्यक्षमहाराज, तब्येत बरी आहे ना? मघाशी मला पूर्ण वाक्य बोलू दिलंत तुम्ही." हॉल हसला. डेलविननं हातोडा आपटला आणि पाचवा विषय वाचला.

आता त्याच्या मनात काय चाललं होतं ते ऐका. 'हा विषय जेवणानंतर घ्यावा', एवढं एक वाक्य कुणीतरी उठून बोललं असतं तर सभेनं आनंदानं हो म्हटलं असतं. कुणाचं काय जात होतं? पण ते वाक्य बोलायची बंदी सबंध हॉलमध्ये एकाच माणसावर होती, आणि तेवढ्यालाच ते सुचत होतं. "कुणाला काही सुचवायचंय का?" त्यानं विचारलं. मग परत विचारलं, "काहीही?" लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं खिडकी लावा म्हणून सुचवलं.

मग चर्चा झाली. ल्यूसियन पेलकी उठला. फर्निचरच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला असतो, सरळ माणूस. "टेकडीवर माझा कुणाशी तंटा नाही," तो म्हणाला, "पण कर परत वाढला तर मला घर विकावं लागेल. राज्य निम्मे पैसे देईपर्यंत थांबू या." त्याचंही खोटं नव्हतं. वैताग हाच होता की त्याला उत्तर द्यायला जी माणसं हवी होती ती तिथे नव्हती. पूल का हवा ते सांगायला पुलापलीकडचं कुणीच नाही आणि हे कुणाला विचित्रही वाटलं नाही.

तोंडी कौल घेतला, आवाज सारखे वाटले. मग लोकांना उभं करून मोजलं. आर्लिस पिठाचे हात पुसत स्वयंपाकघरातून आली, पुलाच्या बाजूनं उभी राहिली आणि परत गेली. पूल अगदी थोड्या मतांनी पडला. डेलविननं आकडा वाचला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, हे त्याला स्वतःला फार लागलं. ल्यूसियननं जॅकेट उचललं आणि पाळी गाठायला निघून गेला.

डेलविन पाणी प्यायला. चष्मा पुसला. परत पाणी प्यायला.

"पुढे चला की, बीन्स निवतायत," मागून कुणीतरी ओरडलं.

सहावा विषय वाचनालयाच्या शेगडीचा. त्यानं वाचला. एकानं ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, वाचनालयाच्या बाई पुन्हा उठल्या आणि म्हणाल्या, "मंडळी, जुनी शेगडी..." आणि दार उघडलं.

टेकडीवरची सगळी माणसं एकदम आत आली. कपड्यांवर बर्फाचा थर, बुटांना चिखल. वळशाच्या रस्त्यावर लाकडाचा एक ट्रक घसरून आडवा पडला होता. हे सगळे त्याच्यामागे अडकले, तिथे फोन लागत नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून वाळू टाकून एका कडेनं वाट केली. सगळ्यांच्या पुढे व्हर्ना, हातात टॉवेलात गुंडाळलेलं बीन्सचं भांडं. एवढ्या रस्त्यानं ते तिनं मांडीवर धरून आणलं होतं.

"पाचवा विषय झाला?" तिनं विचारलं.

"झाला," डेलविन म्हणाला. "पडला."

मग रॉइस स्टिम्सनच उभा राहिला. पुलाच्या विरोधात मत दिलेला माणूस, पण या भिजलेल्या माणसांकडे बघून त्यालाही लाज वाटली असावी. "अध्यक्षमहाराज, पाचवा विषय परत घ्यावा असं मी मांडतो. पुलावर मत द्यायचं आणि पूल नाही म्हणून पोचता येत नाही, हे काही बरं दिसत नाही." चारी बाजूंनी अनुमोदन आलं. ज्यांनी पूल पाडला तेही माना हलवत होते.

डेलविननं हातोडा उचलला आणि खाली ठेवला. "घेता येणार नाही. सहावा सुरू झालाय."

"अरे, बाई फक्त 'मंडळी' म्हणाल्यात!"

"आधी ठराव मांडून झालाय. सुरू झालाय."

"डेल, कुणाची हरकत नाहीये," रॉइस म्हणाला. "विचार सगळ्यांना. सत्ता लोकांची, राज्यघटनेत पहिल्याच पानांवर लिहिलंय. आम्ही लोकच आहोत ना? लोक म्हणतायत परत घ्या."

"ल्यूसियन कुठाय?"

"कोण?"

"ल्यूसियन पेलकी. मत देऊन कामावर गेला. त्याला वाटतंय की पुलाचं झालं. तोही लोकच आहे, रॉइस. इथे बसलेत तेवढेच लोक नव्हेत."

"मग तुझा निर्णय फिरवायचा आम्हाला हक्क आहे. घे कौल."

"माझा निर्णय खुशाल फिरवा. मी कोण? पण हा माझा नाही. कायदा राज्याचा आहे, आणि तो या हॉलमध्ये हात वर करून बदलत नाही. आपण सगळे मिळूनही नाही." त्याचा चेहरा लाल झाला होता. कारण काय माहीत आहे? प्रत्येक शब्दाला त्याला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं. कायद्यातली एखादी फट दाखवावी. त्यानं स्वतः ती मनात शोधून बघितली होती आणि मिळाली नव्हती.

लोक चिडले. कुणी त्याला दगड म्हणालं, कुणी आणखी काही. टेकडीवरची कॉलीन गान्यो, जिची पोरं त्याच वळशानं शाळेत येतात, ती रडायलाच लागली. "सख्ख्या बहिणीसाठी सुद्धा नाही?" ती म्हणाली.

व्हर्ना अजून दारातच होती. "ल्यूसियन गेला का खरंच?" तिनं विचारलं.

"गेला."

"मग झालं." एवढंच म्हणून ती भांडं घेऊन स्वयंपाकघराकडे वळली.

जेवणाच्या वेळी डेलविनच्या टेबलावर कुणी बसलं नाही. व्हर्ना आली, त्याच्यापुढे बीन्सची बशी ठेवली. "मेपलचा पाक जास्त पडलाय. खा."

"व्हर्ना, महिन्याभरात सह्या गोळा केल्यास तर परत मत घेता येतं. वेगळी सभा बोलवून, सगळ्यांना आधी सूचना देऊन."

"माहितीये मला. मीही त्याच टेबलावर जेवलेय." ती बसली नाही.

बुधवारी त्यानं आर्लिसला ऐकवायला सुरुवात केली तर ती म्हणाली, "थांब. मला नुसता डोळ्यानं इशारा केला असतास तर मी उठून म्हटलं असतं, जेवणानंतर घ्या म्हणून."

"तोच तर करायचा नव्हता."

"मग मला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्याचा राग त्याच्यापाशीच राहिला. दुकानात त्यानं दोन यंत्रं उघडली आणि जोडली नाहीत. रॉइसला गाठून म्हणाला, दुसरा अध्यक्ष बघा. रॉइस म्हणाला, "बघतो. पण कुणी उभं राहत नाही, डेल. सगळ्यांना मत द्यायचं असतं." हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, ते डेलविनला कळलं नाही, आणि दोन्हीनं सारखाच वैताग आला.

मार्च संपायच्या आत व्हर्ना दुकानात आली. सह्या झाल्या होत्या. "पहिली कुणाची असेल सांग," ती म्हणाली. "ल्यूसियनची. म्हणाला, मी परत नाहीच म्हणणार, पण तुम्ही तिथे असायला हवं होतं."

डेलविननं हात पुसले, परत पुसले, आणि पेन मागितलं. कित्येक दिवसांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. सही तर कुणीही मतदार करू शकतो. एवढं तरी त्याच्या हातात होतं.

व्हर्नानं कागद छातीशी धरले. "तुझी नको."

"का? माझा हक्क आहे तो."

"हक्क आहे. पण सभेत तूच उभा राहणार. उद्या आम्ही जिंकलो आणि कुणी म्हटलं की अध्यक्षाची सही होती, तर? मला ते ऐकायचं नाहीये. तू तुझा कोरा राहा."

"व्हर्ना, मला काहीतरी करू दे गं."

"त्या मंगळवारी करायचं होतंस," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "नाही, तेव्हाही नव्हतं करायचं. मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग येतो."

जाता जाता तिनं सांगितलं की एका वेगळ्या अर्जावरही सह्या घेतल्यात, दफनभूमीचं फाटक रंगवायचा दुसरा विषय त्याच सभेत घालायचाय. डेलविननं डोळे बारीक केले. फाटक ठीकठाक होतं, त्यानंच दोन वर्षांपूर्वी रंगवलं होतं. "मला परत रंग हवाय," ती म्हणाली. बाबा तिथे आहेत, म्हणून असेल, असं त्याला वाटलं. काळजीनं माणूस काय काय मनात घेतं.

एप्रिलमध्ये चिखल झाला आणि टँकर बंद झाला. डेलविननं कंपनीला फोन केला. सभा आता मे महिन्यात आहे, तेवढं थांबा, म्हणून विनवलं. आयुष्यात कुणाला विनवलं नव्हतं या माणसानं. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, पण काही कबूल करेना. व्हर्नानं काही दिवस दूध शेणखड्ड्यात ओतलं. मग गायी विकल्या.

न्यायला गाडी आली त्या सकाळी डेलविन वळसा घालून वर गेला. गायी एकामागून एक चढल्या, एक म्हातारी सोडून. ती फळीवर पाय ठेवायची आणि मागे यायची. डेलविन तिला मागून ढकलत होता, घसरत होता, शिव्या देत होता.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" व्हर्ना म्हणाली.

"तिच्यावर नाही. मला माझाच राग आलाय."

"मलाही तुझाच आलाय. धर तिकडून."

दोघांनी मिळून तिला चढवलं. गाडी गेल्यावर व्हर्ना गोठ्यात गेली आणि रिकामा गोठा झाडायला लागली. त्यानं दुसरा झाडू शोधला, पण तिनं तिथे एकच ठेवला होता.

मे महिन्यातल्या सभेला टेकडीवरची माणसं तासभर आधी येऊन बसली. व्हर्ना पहिल्या रांगेत, जिथे हॉलिस बसायचे तिथे. या वेळी हातात भांडं नव्हतं. डेलविनला वाटलं होतं ती येणारच नाही. पुलावरून आता तिचं काय जाणार होतं? पण कॉलीनच्या पोरांना शाळेत जायचं होतं, आणि व्हर्नानं ज्याला हात घातला ते ती अर्धवट सोडत नाही.

ठरल्या वेळी हातोडा पडला. पुलापलीकडच्यांनी पूल का हवा ते सांगितलं. ल्यूसियननं आपलं म्हणणं मांडलं आणि कौलाला मोठ्यानं 'नाही' म्हणाला. मोजणी झाली. या वेळी पूल मंजूर झाला, तसा आरामात.

टेकडीकडचे बाक टाळ्या वाजवत होते. डेलविननं आकडा वाचला, आणि मग त्याला पुढचं बोलवेना. समोर ती बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. दोन महिने, एक आडवा ट्रक आणि एक शब्द, 'मंडळी'. तेवढ्यात तिच्या गायी गेल्या, आणि मत तेच पडलं जे तेव्हाही पडलं असतं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. बाहेर गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज आले. खालच्या गावातली काही मंडळी, नेहमीसारखी उशिरा, अंगणातून मोठ्यानं बोलत येत होती.

व्हर्ना उभी राहिली. "अध्यक्षमहाराज," ती म्हणाली. जन्मात तिनं त्याला असं म्हटलं नव्हतं. "पुढचा विषय घ्या."

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"पाणी नंतर पी, डेल. पुढचा विषय घे."

आणि तेव्हा कुठे त्याला ते फाटक कळलं. त्यानं ग्लास ठेवला. "विषय दुसरा," तो वाचायला लागला, आणि आवाज दोनदा फुटला, "दफनभूमीच्या फाटकाला रंग द्यावा की कसं."

"मी मांडते," व्हर्ना म्हणाली.

"अनुमोदन," मागून ल्यूसियन पेलकी म्हणाला.

दार उघडलं. उशिरा आलेल्यांपैकी सगळ्यात पुढच्यानं टोपी काढली, हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "पुलाचं काय झालं?"

"पुलाचं झालं," डेलविन म्हणाला. "आता फाटकाचं चाललंय. बसून घ्या."